कार्ड बदललं, आता कळवायचं कुणी?

ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या नोकरदार घरांत एक तारखेला पगार येतो आणि पाच-सात तारखेपर्यंत त्यातला मोठा भाग वाटेला लागलेला असतो. यातला बराचसा पैसा आता कुणी हाताने मोजून देत नाही. गृहकर्जाचा हप्ता, एसआयपी, आरोग्यविम्याचा प्रीमियम, मोबाइलचं पोस्टपेड बिल, मुलांच्या ऑनलाइन शिकवणीची फी, एक-दोन ओटीटी, फास्टॅगचा भरणा, एखाद्या संस्थेला दरमहा ठरवलेलं पाचशे रुपयांचं दान, हे सगळं एकदा परवानगी दिली की आपोआप कट होत राहतं. काही थेट बँक खात्यातून जातं, काही कार्डावरून. आणि एक दिवस कुरिअरने बँकेचं नवं कार्ड येतं. जुन्याची मुदत संपलेली असते, किंवा ते लोकलच्या गर्दीत पाकिटासकट गेलेलं असतं. नवा नंबर, नवी मुदत, मागचे तीन आकडे. जुन्या कार्डावर जे जे चालू होतं, त्या सगळ्यांना ही नवी माहिती कुणी द्यायची?

प्रश्न किरकोळ वाटतो, पण पैसे देणारा, घेणारा, दोघांच्या बँका आणि मधलं कार्ड नेटवर्क या पाचही जणांचे हितसंबंध त्यात अडकलेले आहेत. जगात याची दोन ठळक उत्तरं दिली गेली. अमेरिकेत आणि इतर अनेक देशांत बँक आणि कार्ड कंपनी मिळून नवी माहिती परस्पर व्यापाऱ्याला पोचवतात, ग्राहकाला विचारावं लागत नाही. भारतात रिझर्व्ह बँकेने नियम घातला की ग्राहकाने स्पष्ट होकार दिल्याशिवाय नवं कार्ड जुन्या व्यापाऱ्याशी जोडायचं नाही. माझं मत आधीच सांगतो. आपला नियम तत्त्वतः योग्य आहे आणि तो सैल करू नये. पण त्या नियमाने बँकांवर टाकलेलं निम्मं काम नीट झालेलं नाही आणि त्याची किंमत सर्वांत जास्त मोजतात ती ज्येष्ठ माणसं, विमेदार आणि वर्गणीवर चालणाऱ्या लहान संस्था.

कार्ड बदलणं हा अपवाद नसतो, हे आधी लक्षात घ्यायला हवं. दर काही वर्षांनी मुदत संपतेच. त्यापलीकडे आपल्याकडे गेल्या दहा वर्षांत कार्डं थव्याथव्याने बदलली. ऑक्टोबर २०१६ मध्ये सुमारे ३२ लाख डेबिट कार्डांची माहिती धोक्यात आल्याचं उघड झालं आणि एकट्या स्टेट बँकेने सहा लाखांच्या आसपास कार्डं बंद करून नवी दिली. पुढे मॅग्नेटिक पट्टीची जुनी कार्डं काढून चिपची कार्डं देण्यासाठी ३१ डिसेंबर २०१८ ही मुदत आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर हल्ला झाला. बनावट कार्डांनी देशोदेशीच्या एटीएममधून पैसे काढले गेले, बँकेचं नुकसान ९४ कोटींच्या घरात गेलं, आणि सहकारी बँकांच्या खातेदारांना पहिल्यांदाच कळलं की आपल्या खिशातलं कार्ड ही जगभरातून लक्ष्य होऊ शकणारी वस्तू आहे. जुलै २०२१ मध्ये माहिती देशात साठवण्याचा नियम पाळला नाही म्हणून मास्टरकार्डला नवे ग्राहक घ्यायला मनाई झाली, ती जून २०२२ पर्यंत टिकली. त्या काळात काही बँकांना आपली कार्डं व्हिसा किंवा रुपेकडे वळवावी लागली. सप्टेंबर २०२४ पासून तर क्रेडिट कार्ड कोणत्या नेटवर्कचं हवं हे निवडायचा हक्क ग्राहकालाच मिळाला आहे. बँका विलीन झाल्या की कार्डंही आज ना उद्या बदलतात. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँक सारस्वत बँकेत गेली, हे मुंबई-ठाण्याच्या खातेदारांच्या अगदी ताज्या आठवणीतलं उदाहरण.

व्यापाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर गोष्ट अशी घडते. ठरलेल्या दिवशी त्याची यंत्रणा पैसे मागते आणि ग्राहकाच्या बँकेकडून नकार येतो. त्या नकाराला दोन आकडी खूण असते. ५१ म्हणजे खात्यात पैसे नाहीत. ५४ म्हणजे कार्डाची मुदत संपली. १४ म्हणजे असा नंबरच नाही. ५१ आला तर पगार झाल्यावर पुन्हा प्रयत्न करता येतो. ५४ आणि १४ आले तर कितीही वेळा मागितलं तरी उपयोग नाही. ग्राहक नाराज नाही, त्याच्याकडे पैसेही आहेत, फक्त पत्ता बदलला आहे. असे ग्राहक गमावणं कोणत्याही धंद्याला परवडत नाही, आणि परदेशातली आपोआप कळवण्याची सोय जन्माला आली ती यातूनच.

व्हिसाची ‘व्हिसा अकाउंट अपडेटर’, मास्टरकार्डची ‘ऑटोमॅटिक बिलिंग अपडेटर’ आणि अमेरिकन एक्सप्रेसची ‘कार्डरिफ्रेशर’ ही त्या सोयींची नावं. काम साधं आहे. बँकेने कुणाला नवं कार्ड दिलं की जुना नंबर, नवा नंबर आणि नवी मुदत ती कार्ड नेटवर्कच्या नोंदवहीत टाकते. व्यापारी बिलं लावण्याच्या काही दिवस आधी आपल्याकडच्या साठवलेल्या कार्डांची यादी त्याच्या बँकेमार्फत नेटवर्ककडे पाठवतो. नेटवर्क दोन्ही जुळवून पाहतं आणि प्रत्येक कार्डापुढे उत्तर लिहून यादी परत करतं. या कार्डाचा नंबर बदलला, हा घ्या नवा. याची फक्त मुदत बदलली. हे खातं बंद झालं. इथे ग्राहकाशीच बोला. काहीच बदल नाही. आता हे यादी पाठवून थांबण्याऐवजी पैसे मागतानाच, त्या क्षणी करण्याचीही सोय झाली आहे. ग्राहकाला नको असेल तर तो बँकेला सांगून यातून बाहेर पडू शकतो. पण अशी काही व्यवस्था आहे हेच बहुतेकांना ठाऊक नसतं, आणि ठाऊक नसलेल्या हक्काचा वापर कोण करणार?

ठाण्याहून न्यू जर्सीला किंवा डोंबिवलीहून टेक्सासला गेलेल्या कुटुंबांना या व्यवस्थेची दोन्ही रूपं भेटतात. कार्ड हरवलं, नवं आलं, आणि विजेचं बिल, गाडीचा विमा, मुलीच्या पोहण्याच्या वर्गाची फी यातलं काहीच अडलं नाही. यात खरा दिलासा आहे. दुसरं रूप असं की जिमची वर्गणी बंद करायला जिम दाद देत नाही म्हणून माणूस वैतागून कार्डच बंद करतो, आणि नव्या कार्डावर तीच वर्गणी पुन्हा कट होते. भारतात वाढलेल्या माणसाला हे धक्कादायक वाटतं. कार्ड बंद केलं म्हणजे वाट बंद झाली, अशी आपली पक्की समजूत असते. तिथे कार्ड हे त्या वाटेवरचं एक दार आहे आणि दार बदललं तरी वाट तीच राहते.

ब्रिटनने यावर एक चांगला तोडगा काढला. तिथे कार्डावरून वारंवार पैसे घेण्याच्या परवानगीला ‘कंटिन्युअस पेमेंट अथॉरिटी’ म्हणतात. २००९ च्या नियमांपासून ती परवानगी ग्राहक थेट आपल्या बँकेकडे रद्द करू शकतो, आधी व्यापाऱ्याची मनधरणी करावी लागत नाही. अमेरिकेत क्रेडिट कार्डासाठी असा सरळ उपाय नाही. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने ऑक्टोबर २०२४ मध्ये नियम केला की वर्गणी सुरू करणं जितकं सोपं, तितकंच ती बंद करणं सोपं हवं. तो पूर्णपणे लागू होण्याआधीच जुलै २०२५ मध्ये अपील न्यायालयाने प्रक्रियेतल्या त्रुटीवरून रद्द केला. म्हणजे तिथे पैसे घेणाऱ्याची सोय वीसेक वर्षांपूर्वी झाली आणि थांबवणाऱ्याची अजून व्हायची आहे. सोयीचा हा क्रम मला सर्वांत जास्त खटकतो.

आता आपल्याकडे येऊ. या विषयावरचे आपले जवळजवळ सगळे नियम सीएसएमटी स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर, शहीद भगतसिंग मार्गावरच्या रिझर्व्ह बँकेत लिहिले गेले, आणि रुपे-यूपीआय चालवणारं एनपीसीआय वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. रोज सकाळी डोंबिवलीहून निघणाऱ्या गाड्यांतून या दोन्ही ठिकाणी कामाला जाणारी माणसं प्रवास करतात. तेव्हा आपल्या गल्लीतल्या अडचणी त्या इमारतींना अनोळखी असायचं कारण नाही.

नियमांचे दोन प्रवाह आहेत आणि लोकांच्या गोंधळाचं मूळ या दोन प्रवाहांत आहे. पहिला ई-मँडेटचा, म्हणजे वारंवार पैसे कापायच्या परवानगीचा. २१ ऑगस्ट २०१९ च्या परिपत्रकाने त्याची चौकट आखली. परवानगी नोंदवताना आणि पहिल्या व्यवहाराला ओटीपीसारखी जादा पडताळणी लागेल, पुढच्या व्यवहारांना मर्यादेच्या आत ती लागणार नाही. मर्यादा सुरुवातीला २,००० रुपये होती. जानेवारी २०२१ पासून ती ५,००० झाली, जून २०२२ मध्ये १५,००० झाली आणि डिसेंबर २०२३ मध्ये म्युच्युअल फंड, विमा प्रीमियम व क्रेडिट कार्डाचं बिल यांच्यापुरती एक लाख. पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी कार्ड देणाऱ्या बँकेने ग्राहकाला कळवायचं: कोण घेणार, किती, कधी, कशासाठी. तो व्यवहार किंवा सगळी परवानगीच तिथल्या तिथे नाकारण्याची सोय द्यायची. रक्कम दर महिन्याला बदलणारी असेल तर ग्राहकाने कमाल आकडा ठरवायचा. या सोयीसाठी ग्राहकाकडून शुल्क घ्यायचं नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये फास्टॅग आणि मेट्रो-बसच्या एनसीएमसी कार्डाच्या आपोआप भरण्याला २४ तास आधीच्या सूचनेतून सूट मिळाली, कारण टोलनाक्यावर शिल्लक कधी संपेल हे आधी सांगता येत नाही.

हा प्रवाह सहजासहजी वाहिला नाही. बँका आणि कंपन्या तयारच झाल्या नाहीत. ३१ मार्च २०२१ ची मुदत आली तेव्हा लाखो लोकांचे व्यवहार अडतील अशी स्थिती होती. रिझर्व्ह बँकेने नाराजी स्पष्ट शब्दांत नोंदवून सहा महिने वाढवून दिले. १ ऑक्टोबर २०२१ पासून नियम लागू झाला आणि जुन्या, परवानगीच्या नव्या चौकटीत न आलेल्या कितीतरी वर्गण्या थांबल्या. बिलडेस्कचं ‘एसआय हब’, रेझरपेचं ‘मँडेट-एचक्यू’ अशा मधल्या यंत्रणा त्या धावपळीत उभ्या राहिल्या. काही परदेशी कंपन्यांनी वेगळा मार्ग धरला. २०२२ मध्ये ॲपलने भारतात ॲप स्टोअरसाठी कार्डं घेणंच थांबवलं. तरी जून २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की या चौकटीत सव्वासहा कोटींहून अधिक मँडेटं नोंदली गेली आहेत आणि त्यांत ३,४०० हून अधिक परदेशी व्यापारी आहेत. नियम कठोर आहे म्हणून धंदा बुडेल ही तेव्हाची ओरड खरी ठरली नाही, हे या आकड्यावरून मान्य करायला हवं.

दुसरा प्रवाह टोकनचा. मार्च २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनी व्यापाऱ्यांना कार्डाची माहिती साठवायला बंदी केली. ७ सप्टेंबर २०२१ च्या परिपत्रकाने पर्याय दिला: खऱ्या नंबराऐवजी टोकन. १ जानेवारी २०२२ ची मुदत आधी जून आणि मग सप्टेंबरअखेरपर्यंत लांबली, आणि १ ऑक्टोबर २०२२ पासून कार्ड देणारी बँक व नेटवर्क सोडून कुणीही खरा नंबर बाळगायचा नाही हे पक्कं झालं. व्यापाऱ्याला ओळखीपुरते शेवटचे चार आकडे आणि बँकेचं नाव ठेवता येतं. जानेवारी २०२१ मध्ये पैसे पोचवणाऱ्या जसपे या कंपनीकडून साडेतीन कोटींच्या आसपास कार्डांची, नंबर अर्धवट झाकलेली का होईना, माहिती बाहेर गेल्याचं कळलं होतं. असे प्रकार डोळ्यांसमोर असताना माहिती जितक्या कमी ठिकाणी, तितकं बरं, या युक्तिवादाला तोड नव्हती. ऑक्टोबर २०२३ पर्यंत ५६ कोटींहून अधिक टोकनं तयार झाली होती.

टोकनची खुबी अशी की ते कार्ड, टोकन मागणारी संस्था आणि व्यापारी या तिघांच्या जुळणीपुरतंच असतं. नौपाड्यातल्या दुकानाच्या साइटसाठी बनलेलं टोकन दुसरीकडे चोरून वापरलं तर चालत नाही. आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने मोठी गोष्ट ही की टोकन तेच ठेवून त्याच्या मागचं कार्ड बदलता येतं. नेटवर्कच्या तिजोरीत टोकनसमोर जुना नंबर खोडून नवा लिहिला की व्यापाऱ्याला काही कळवायचीही गरज उरत नाही. जगात सध्या कल याच दिशेचा आहे, आणि यादी पाठवून जुळवण्याची जुनी पद्धत हळूहळू यात विरघळते आहे. तंत्र म्हणाल तर आपल्याकडे उद्यासुद्धा सगळं आपोआप होऊ शकतं.

ते होत नाही, कारण त्याच सप्टेंबर २०२१ च्या परिपत्रकात एक वाक्य आहे. कार्डाचं नूतनीकरण झालं किंवा ते बदलून दिलं की ग्राहकाने आधी ज्या व्यापाऱ्यांकडे ते नोंदवलं होतं, त्यांच्याशी नवं कार्ड जोडण्यासाठी बँकेने त्याची स्पष्ट संमती मागायची. शेजारीच दुसरी सूचना आहे. आपलं कार्ड कोणकोणत्या व्यापाऱ्यांकडे नोंदलेलं आहे ती यादी पाहण्याची आणि हवं ते नाव काढून टाकण्याची सोय बँकेने मोबाइल ॲप, नेटबँकिंग, फोन किंवा शाखा अशा वाटांनी द्यायची.

या दोन सूचना एकत्र वाचल्या की नियम करणाऱ्यांच्या मनातलं चित्र दिसतं. नवं कार्ड हातात आलं. बँकेने यादी समोर ठेवली: ही ही ठिकाणं जुन्या कार्डावर होती, यातली कोणती चालू ठेवायची? ग्राहकाने विम्यापुढे होय म्हटलं, दोन वर्षांत न पाहिलेल्या ओटीटीपुढे नाही म्हटलं, आणि दोन मिनिटांत काम झालं. अमेरिकेतल्या माणसाला असा क्षण मिळतच नाही. कार्ड बदलणं ही तिथे न दिसणारी घटना आहे आणि इथे ती घराचा खर्च तपासून पाहण्याची हक्काची संधी होऊ शकते. म्हणून म्हणतो की आपला नियम चांगला आहे.

प्रत्यक्षात काय होतं ते आसपास विचारून पाहावं. नव्या कार्डाच्या पाकिटात बक्षीस-गुणांची पत्रकं असतात, विमानतळावरच्या लाउंजची माहिती असते, कर्जाची जाहिरात असते. जुन्या नोंदींची यादी नसते. ॲपमध्ये ती कुठेतरी असते, पण टोकनांची यादी एका दालनात आणि मँडेटांची दुसऱ्या, आणि त्यांची नावंही अशी की साठीतल्या माणसाला त्यांवर बोट ठेवायचा धीर होऊ नये. अनेकदा माणसाला कळतं ते व्यवहार फसल्यावर. मग प्रत्येक ठिकाणी जाऊन नवं कार्ड भरायचं, ओटीपी द्यायचा, परवानगी पुन्हा नोंदवायची. संमती मागायची जबाबदारी बँकेची होती, ती नकळत ग्राहकाच्या पाठीवर आली.

ओटीटी बंद पडलं तर संध्याकाळ वाया जाते, एवढंच. विम्याचं तसं नाही. मासिक हप्त्याच्या पॉलिसीला सवलतीचे दिवस फक्त पंधरा असतात, बाकीच्या हप्त्यांना साधारण महिना. आरोग्यविम्यात त्या दिवसांनंतर पॉलिसी तुटली तर जुन्या आजारांसाठी पूर्ण केलेला प्रतीक्षा काळही धोक्यात येतो. मुलगा पुण्यात किंवा परदेशात, आई-वडील डोंबिवली पूर्वेला, प्रीमियम वडिलांच्या कार्डावर, आणि नकाराचा ईमेल ज्या पत्त्यावर जातो तो पत्ता कुणी उघडत नाही, अशी घरं आपल्या ओळखीत कितीतरी आहेत. त्यांच्यासाठी ५४ हा आकडा तांत्रिक राहत नाही.

दुसऱ्या टोकाला घेणारे आहेत, आणि तेही सगळे मोठे नाहीत. १८६४ पासून चालत आलेलं कल्याणचं सार्वजनिक वाचनालय किंवा १८९३ मध्ये स्थापन झालेलं ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय अशा संस्थांची परंपरा वर्गणीदारांवर उभी राहिली. आजही नियतकालिकं, नाट्यसंस्था, वृद्धाश्रम, शिष्यवृत्ती देणारे न्यास, योगवर्ग, डबेवाल्या ताई यांचा हिशेब लहान लहान नियमित रकमांवर चालतो. मोठ्या कंपनीकडे फसलेल्या व्यवहारांचा पाठपुरावा करणारी माणसं आणि यंत्रं असतात. लहान संस्थेकडे एक मानद खजिनदार असतो, जो रविवारी सकाळी बसून कुणाचे पैसे आले नाहीत ते पाहतो. फोन करून ‘तुमचं दान थांबलं आहे’ असं सांगणं त्याला अवघड जातं. देणगीदाराला वाटतं चालू आहे, संस्थेला वाटतं देणगीदाराचं मन बदललं. दोघांच्याही हेतूत खोट नसताना नातं तुटतं. याचा हिशेब कोणत्याही अहवालात येत नाही, पण मला हे नुकसान फार मोठं वाटतं.

या सगळ्या अडचणीवर बाजाराने आपला मार्ग काढला, आणि तो कार्डाच्या बाहेरून गेला. बँक खात्याला मुदत नसते. जुन्या ईसीएसच्या जागी आलेलं नॅच, आणि जुलै २०२० मध्ये सुरू झालेलं यूपीआय ऑटोपे, दोन्ही खात्यावर बसतात. इथे एक बारीक गोष्ट उपयोगाची आहे. ई-नॅच नोंदवताना आपण पुष्कळदा डेबिट कार्डाचा नंबर देतो, पण तो फक्त ओळख पटवण्यापुरता. परवानगी खात्यावर नोंदली जाते, त्यामुळे पुढे कार्ड बदललं तरी हप्ता अडत नाही. एसआयपी आणि कर्जाचे हप्ते कार्ड बदलल्यावरही सुरळीत राहतात, ते यामुळे. यूपीआय ऑटोपेत आधी सूचना येते, ॲपमध्ये मँडेटची यादी दिसते, थांबवणं सोपं आहे. फक्त मँडेट ज्या ॲपमध्ये नोंदवलं तिथेच अडकून राहत असे. ऑक्टोबर २०२५ मध्ये एनपीसीआयने ते दुसऱ्या ॲपमध्ये पाहण्याची आणि नेण्याची वाट खुली करायचं ठरवलं, ही योग्य दिशा आहे.

मात्र खात्यावरची परवानगी म्हणजे सर्व दुःखांवर औषध, असं मी म्हणणार नाही. खात्यात शिल्लक नसेल तर नॅच बाउन्स होतं, बँकेचा दंड बसतो, आणि २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याचं कलम २५ चेक बाउन्ससारखीच फौजदारी टांगती तलवार ठेवतं. क्रेडिट कार्डावर तो धोका नसतो. शिवाय पैसे चुकून गेले तर कार्डाच्या व्यवहाराविरुद्ध दाद मागण्याची घडी जास्त बसलेली आहे. ज्याला हे फरक माहीत आहेत त्याने विचार करून निवड करावी. आज लोक निवड करत नाहीत. कार्डाचा त्रास नको म्हणून यूपीआयकडे ढकलले जातात.

बँकांना संमती मागायला सांगितलं की एक अडचण पुढे केली जाते, आणि ती खरी आहे. ‘तुमचं कार्ड बंद होणार आहे, ताबडतोब माहिती अद्ययावत करा’ हे तर फसवणाऱ्यांचं आवडतं वाक्य. २०२२ मध्ये ‘आज रात्री वीज तोडली जाईल, या नंबरवर संपर्क करा’ अशा संदेशांनी महाराष्ट्रभर माणसं लुबाडली गेली आणि महावितरणला वारंवार इशारे द्यावे लागले. चालू असलेली सेवा बंद पडेल या भीतीचाच तो धंदा होता. उद्या बँक खरोखर ‘तुमच्या जुन्या नोंदी नव्या कार्डाला जोडायच्या का?’ असा लिंक असलेला संदेश पाठवू लागली, तर दुसऱ्या दिवशी त्याची नक्कल बाजारात येईल. म्हणून ही संमती एसएमएसमधल्या लिंकवर कधीच मागू नये. ती ॲपच्या आत, नेटबँकिंगच्या आत किंवा शाखेत मागावी, आणि कार्ड सुरू करण्याच्या पायरीलाच ती जोडावी. नवं कार्ड चालू करताना पिन ठरवावाच लागतो. त्याच पडद्यावर यादी दाखवायला वेगळा संदेश लागत नाही, वेगळी लिंक लागत नाही.

आणि ती यादी एकच असावी. टोकन कुणाकडे आणि मँडेट कुणाचं, हा फरक बँकेच्या आतला आहे. ग्राहकाला फक्त एवढं हवं असतं: कोण घेतं, दर किती दिवसांनी, साधारण किती, शेवटचे कधी घेतले. मराठीत. व्यापाऱ्याचं नावही त्याच्या दुकानाचं असावं, मधल्या पैसे पोचवणाऱ्या कंपनीचं नको. अनेक तक्रारी ‘हे कोण आहे मला ठाऊक नाही’ या वाक्याने सुरू होतात. नोव्हेंबर २०२३ च्या केंद्र सरकारच्या डार्क पॅटर्नविरोधी मार्गदर्शक तत्त्वांत वर्गणीच्या सापळ्याचा समावेश झाला आहे, म्हणजे व्यापाऱ्याच्या बाजूचं दार बंद करायचं साधन आहे. बँकेच्या बाजूला अशीच ठोस अपेक्षा लिहायला हवी. संमती मागितली की नाही, किती दिवसांत मागितली, आणि न मागितल्याने विमा तुटला तर जबाबदार कोण? या शेवटच्या प्रश्नाचं नेमकं उत्तर परिपत्रकात मला सापडत नाही. २०१७ च्या नियमाने ग्राहकाची जबाबदारी मर्यादित केली, पण ती न विचारता गेलेल्या पैशांपुरती. जायला हवे होते आणि गेले नाहीत, अशा पैशांसाठी तसं संरक्षण लिहायला हवं.

यात आपल्या भागातल्या सहकारी बँकांना मोठी संधी आहे, असं मला मनापासून वाटतं. डोंबिवली नागरी सहकारी बँक १९७० ची, ठाणे जनता सहकारी बँक म्हणजे आजची टीजेएसबी १९७२ ची, कल्याण जनता त्याच दशकातली. नोकरदार मराठी माणसाला मोठ्या बँकांत उभं करून घेत नसत त्या काळात या बँका उभ्या राहिल्या. त्यांच्या शाखांत आजही पासबुक भरायला येणारे आजोबा काउंटरवरच्या ताईंना नावाने ओळखतात. परिपत्रकात यादी पाहण्याच्या वाटांमध्ये ‘शाखा’ हा शब्द आहे, आणि तो शब्द या बँकांइतका कुणाला लागू पडत नाही. नवं कार्ड शाखेतून देताना एक छापील कागद हातात द्यावा: जुन्या कार्डावर या या नोंदी होत्या, खुणा करा, सही करा. आजोबा घरी जाऊन सुनेला विचारतील, दुसऱ्या दिवशी खुणा करून आणतील. ॲप बनवायला लागतो तेवढा खर्चही यात नाही.

तोपर्यंत नवं कार्ड आलं की घरात कुणीतरी अर्धा तास बसायला हवं. जुन्या कार्डाचं शेवटच्या बारा-तेरा महिन्यांचं स्टेटमेंट काढावं, कारण वार्षिक वर्गण्या तीन महिन्यांच्या स्टेटमेंटमध्ये दिसतच नाहीत. त्यात पुन्हा पुन्हा येणारी नावं अधोरेखित करावीत. पहिल्यांदा विम्याला हात घालावा, प्रीमियमची तारीख दूर असली तरी. मग फोन आणि इंटरनेट, कारण ते बंद पडले तर पुढचे ओटीपीही अडतात. मग फास्टॅग. मग संस्थांची दानं आणि नियतकालिकांची वर्गणी, कारण त्यांच्याकडून आठवणीचा फोन यायची शक्यता सर्वांत कमी. ओटीटी आणि खरेदीच्या ॲपांना सर्वांत शेवटी ठेवलं तरी चालेल. ती स्वतःहून, दिवसातून तीनदा आठवण करून देतील. बँकेतून बोलतो म्हणून कुणाचा फोन आला आणि कार्डाचा नंबर किंवा ओटीपी मागितला, तर फोन ठेवून द्यावा. पैसे गेलेच तर १९३० वर लगेच कळवावं आणि बँकेला तीन कामकाजाच्या दिवसांच्या आत लेखी द्यावं. आणि बँकेने जुन्या नोंदींसाठी संमती मागितलीच नसेल, तर तेही लेखी विचारावं. उत्तर तीस दिवसांत आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. नोव्हेंबर २०२१ पासून त्याची एकच खिडकी आहे.